दुधाचे दात आणि दवाखान्याची पायरी

‘दुधाचे दात आहेत, आज ना उद्या पडणारच!’ हे वाक्य मराठी घरांत इतक्या सहजतेने उच्चारले जाते, की त्याची शहानिशा करावी असे कोणास वाटत नाही. बोलणाऱ्याच्या मनात मुलाविषयी मायाच असते. कोवळ्या जिवाला सुई-चिमट्याच्या त्रासात कशाला घालावे, एवढाच त्यामागील विचार. परंतु या एका वाक्याच्या आधारावर लहान मुलांच्या किडलेल्या दाढा वर्षानुवर्षे तशाच राहतात, आणि ज्या त्रासातून मुलाला वाचवायचे होते तो अनेक पटींनी वाढून एके रात्री दारात उभा राहतो.

प्रथम वयाचा हिशेब पाहावा. बाळाला साधारणपणे सहाव्या महिन्यात खालचे पुढचे दात येऊ लागतात आणि अडीच ते तीन वर्षांपर्यंत वीस दुधाचे दात पूर्ण होतात. सहाव्या-सातव्या वर्षी जे पडू लागतात ते पुढचे दात. मागच्या आठ दुधाच्या दाढा मात्र दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. म्हणजे पाच वर्षांच्या मुलाची दाढ किडली असता ‘पडणारच’ म्हणून ती सोडून दिली, तर त्या किडलेल्या दाढेवर त्याला आणखी पाच ते सात वर्षे जेवायचे असते. बालवाडीपासून थेट माध्यमिक शाळेपर्यंतचा हा काळ आहे. शिवाय दुधाच्या दाताचे एनॅमल, म्हणजे बाहेरचे कठीण कवच, कायमच्या दातापेक्षा पातळ असते. त्यामुळे कीड आतल्या नसेपर्यंत लवकर पोहोचते.

या दाढांचे आणखी एक काम असते, जे सहसा लक्षात येत नाही. खालून येणाऱ्या कायमच्या दातांसाठी त्या जागा राखून ठेवतात. दाढ वेळेआधी काढावी लागली की शेजारचे दात त्या रिकाम्या जागेकडे सरकतात आणि पुढे येणाऱ्या दाताला वाट उरत नाही. मग तो वेडावाकडा येतो किंवा हिरडीतच अडकून राहतो. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलाच्या दातांना तारा बसवताना होणाऱ्या खर्चाचे मूळ काही वेळा पाचव्या वर्षी दुर्लक्षिलेल्या एका दाढेत सापडते.

आता कीड म्हणजे काय, हे पाहू. आपल्या भाषेने येथे थोडी फसगत केली आहे. दात ‘किडतो’, दाताला ‘कीड लागते’, असे आपण म्हणतो आणि ऐकणाऱ्या मुलाच्या डोळ्यांसमोर धान्यातल्या किड्यासारखा एखादा वळवळणारा किडा उभा राहतो. मोठ्यांचीही समजूत फार वेगळी नव्हती. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले किडे पाडण्याचा प्रकार महाराष्ट्रातील खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. प्रत्यक्षात दातात किडा नसतो. दातांवर साचणाऱ्या चिकट थरात सूक्ष्म जिवाणू असतात. आपण खाल्लेल्या साखरेवर आणि पिठूळ पदार्थांवर ते जगतात आणि आम्ल तयार करतात. तोंडातील आम्लता एका मर्यादेपलीकडे गेली, म्हणजे पीएच सुमारे 5.5 च्या खाली उतरला, की दाताच्या कवचातील खनिजे विरघळू लागतात. त्यानंतर लाळ आपले काम करते. ती आम्ल सौम्य करते आणि गेलेली खनिजे दाताला परत मिळवून देते. या पूर्वस्थितीला येण्यास साधारण अर्धा तास, कधी त्याहून अधिक वेळ लागतो.

दाताचे हे खाते दिवसभर चालू असते. खनिजे काढली जातात, पुन्हा भरली जातात. भरण्याला सवड मिळाली तर खाते शिल्लक दाखवते. सवड मिळाली नाही तर भांडवलच संपू लागते. म्हणून मुलाने किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. जेवणानंतर लगेच चार बिस्किटे खाल्ली तर दातांवर एकच आघात होतो. तीच चार बिस्किटे दुपारी चारपासून संध्याकाळी सातपर्यंत एकेक करून खाल्ली तर चार आघात होतात आणि लाळेला मध्ये उसंतच मिळत नाही. बिस्किट, टोस्ट, खारी, वेफर हे पदार्थ पालकांना निरुपद्रवी वाटतात. परंतु त्यांचा लगदा दाढांच्या खाचांत चिकटून बसतो आणि बराच वेळ तेथेच राहतो.

ही गोष्ट विज्ञानाला ज्या मार्गाने कळली तो मार्ग मात्र अभिमानास्पद नाही. स्वीडनमधील लुंड येथे व्हिपेहोल्म नावाची मतिमंद व्यक्तींची संस्था होती. 1945 पासून तेथील रहिवाशांवर आहाराचे प्रयोग करण्यात आले. पुढे त्यांपैकी काहींना दातांना चिकटणाऱ्या टॉफी मुद्दाम खाऊ घालण्यात आल्या. जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेने दात तुलनेने कमी किडले, पण दोन जेवणांच्या मधल्या वेळेत खाल्लेल्या चिकट गोडाने कीड झपाट्याने वाढली, असा निष्कर्ष निघाला. ज्यांना संमती म्हणजे काय हे सांगताही येत नव्हते अशा माणसांचे दात त्यासाठी खर्ची पडले, आणि आज या प्रयोगाचा उल्लेख वैद्यकीय नीतिभंगाचे उदाहरण म्हणूनही होतो. त्या ज्ञानातून स्वीडनमध्ये ‘शनिवारचा खाऊ’ ही प्रथा रुजली. मुलांनी गोळ्या-चॉकलेट रोज थोडे थोडे न खाता आठवड्यातून एकाच दिवशी खावे, अशी ती पद्धत. मुलाला गोड कायमचे नाकारण्यापेक्षा त्याचा वार ठरवून देणे आपल्याकडील घरांनाही जमण्यासारखे आहे.

येथे आपल्या समाजातील एका प्रेमळ प्रथेचा विचार करणे आवश्यक वाटते. पाठशाळेत गाथा पाठ म्हणून दाखवली की चॉकलेट, पूजा झाली की प्रभावनेत गोळ्यांची पुडी, शाळेत कोणाचा वाढदिवस असला की टॉफी. देणाऱ्याची भावना निर्मळ असते, यात शंका नाही. तथापि आठवड्यातून अनेकदा हातावर पडणारी ही चिकट गोळी मूल वाटेतच तोंडात टाकते आणि घरी येईपर्यंत चघळत राहते. प्रभावना मुलांसाठी असेल तर पेन्सिल, रंगखडू, छोटी वही किंवा सुके खोबरे-शेंगदाणे यांनीही मुले तितकीच हरखतात. काही पाठशाळांनी हा बदल मनावर घ्यावा.

उलटपक्षी, सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम ज्या घरांत मुलेही पाळतात तेथे दातांना आपोआप मोठी विश्रांती मिळते. झोपेत लाळ फार कमी स्रवते, त्यामुळे रात्री दातांवर राहिलेले अन्न सर्वाधिक अपाय करते. ‘रात्री झोपण्यापूर्वी ब्रश करा’ हा दंतवैद्यांचा सल्ला अशा घरांत कसा पाळायचा, असा प्रश्न पालकांना पडतो. त्याचे उत्तर सोपे आहे. सायंकाळचे शेवटचे खाणे संपले, की पाण्याचा त्याग सुरू होण्यापूर्वीच मुलाचे दात घासून द्यावेत. त्यानंतर तोंडात काहीच जाणार नसेल, तर झोपण्यापूर्वी घासल्याचा हेतू साध्य होतो. नियमाचे स्वरूप घरोघरी भिन्न असते. त्याचा तपशील ज्याने त्याने आपल्या परंपरेनुसार ठरवावा. ज्या मुलांना रात्री दूध दिले जाते त्यांचे दात मात्र दुधानंतर घासले गेले पाहिजेत. दूधपावडर, साखर वा चॉकलेटची भुकटी घातलेली बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळाचे वरचे पुढचे दात दोन वर्षांच्या आत तपकिरी होऊन झिजलेले दिसतात. खोकल्याच्या गोड सिरपाचेही तसेच. शेवटचा चमचा ब्रश करण्याआधी द्यावा.

दात घासण्याची सुरुवात पहिल्या दातापासूनच व्हावी. त्याआधी हिरड्या ओल्या मऊ फडक्याने पुसल्या की बाळाला तोंडात बोट फिरण्याची सवय होते, आणि पुढचा निम्मा विरोध तेथेच मावळतो. पेस्टमध्ये फ्लोराइड असावे. फ्लोराइडमुळे खनिजे परत बसण्याचे काम बळकट होते. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याच्या दाण्याएवढीच पेस्ट घ्यावी. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली लाटेसारखी पेस्ट विक्री वाढवण्यासाठी असते. भारतात पेस्टमधील फ्लोराइडची कायदेशीर कमाल मर्यादा 1000 पीपीएम आहे. मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक रंगीत पेस्टमध्ये त्याहून पुष्कळ कमी फ्लोराइड असते किंवा मुळीच नसते. म्हणून वेष्टनावरचा आकडा वाचावा. घासून झाल्यावर पेस्ट थुंकून टाकावी. खळाखळा चुळा भरल्या तर फ्लोराइड धुऊन जाते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड अशा जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात मुळातच फ्लोराइड अधिक आहे व त्याने दातांवर डाग पडतात. तेथील पालकांनी पिण्याच्या पाण्याची तपासणी करून दंतवैद्यांचा सल्ला घ्यावा. मशेरीचे बोट मुलाच्या दुखऱ्या दातावर फिरवण्याचा प्रकार अजून कोठे कोठे चालतो. तो तंबाखूच होय. पेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरण्यास केंद्र सरकारने 1992 मध्येच बंदी घातली, ती उगाच नव्हे.

मुलाने स्वतः ब्रश हातात घेणे कौतुकाचे खरे, पण सात-आठ वर्षांपर्यंत त्याच्या हाताला ते कौशल्य आलेले नसते. बुटाचे बंद नीट बांधता येईपर्यंत मोठ्या माणसाने एकदा तरी हात फिरवायलाच हवा. लहान मुलाचे डोके मांडीवर घेऊन, वरून वाकून घासले तर मागच्या दाढा नीट दिसतात. त्याच वेळी महिन्यातून एकदा वरचा ओठ उचलून पाहावे. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची पहिली खूण आहे. या टप्प्यावर ती थांबवता येते, बरीही करता येते. रेघ पिवळी-तपकिरी होऊन खड्डा पडला की ती संधी गेली.

इतके सारे सांगूनही एक अडचण उरते, आणि ती बहुतेक घरांत सर्वांत मोठी असते : मूल दंतवैद्याच्या दवाखान्याची पायरी चढायला तयार होत नाही. ही भीती मुलाच्या स्वभावात असते असे समजले जाते. वस्तुतः ती पुष्कळदा घरातच घडते, आणि उशिरामुळे पक्की होते.

ती कशी घडते, याचे चित्र अनेक कुटुंबांना ओळखीचे वाटेल. सहा वर्षांच्या मुलीची दाढ अधूनमधून दुखते. लवंगेचे तेल लावले जाते, वेदनाशामक सिरप दिले जाते, दुखणे थांबते, आणि दुधाचा दात म्हणून विषय तेथेच संपतो. जेवताना ती एकाच बाजूने चावते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. महिन्याभराने मध्यरात्री ठणका सुरू होतो. सकाळी गाल सुजलेला असतो. रात्रभर न झोपलेली, तापलेली ती मुलगी आयुष्यात प्रथमच दंतवैद्याच्या खुर्चीवर बसते. डोळ्यांवर प्रखर दिवा, चेहऱ्यावर मुखपट्टी असलेले अनोळखी माणूस, आणि बाजूला स्वतःच घाबरलेली आई. त्यातच पू झालेल्या, सुजलेल्या जागी बधिर करण्याचे इंजेक्शन नेहमीइतके चांगले लागू पडत नाही. म्हणजे त्या दिवशी तिला जे दुखते ते खरोखरच दुखते. मग ती ओरडते, हात झटकते, आणि घरी आल्यावर सर्वांचे एकमत होते की मुलगी फार भित्री आहे. दोष तिच्या धैर्याचा नसतो. पहिली भेट चुकीच्या दिवशी झालेली असते.

म्हणून बालदंतवैद्य पहिल्या भेटीसाठी जे वय सांगतात ते ऐकून आजी-आजोबांना हसू येते : पहिला वाढदिवस होण्यापूर्वी! तोंडात जेमतेम चार-सहा दात, तेथे दंतवैद्य काय पाहणार? तो फारसे काही पाहत नाही, हेच त्या भेटीचे महत्त्व आहे. आई आणि डॉक्टर समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसतात, बाळ आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर असते आणि त्याचे डोके हळूच मागे डॉक्टरांच्या मांडीवर टेकवले जाते. दात मोजले जातात, आईला ब्रश कसा धरायचा ते दाखवले जाते, आणि दोन मिनिटांत बाळ पुन्हा आईच्या कुशीत येते. काहीही दुखत नसताना अशा दोन-तीन भेटी झालेल्या मुलाला ती खुर्ची परकी वाटत नाही. पुढे कधी दाढ भरावी लागली तरी त्याच्या आठवणीत त्या जागेविषयी काही बरे जमा असते.

घरातील बोलण्याचे परिणाम याहूनही खोल होतात. ‘दूध पी, नाही तर डॉक्टर सुई टोचतील’ ही धमकी देऊन त्या वेळचा पेला संपतो खरा, पण त्याची किंमत नंतर दवाखान्यात चुकवावी लागते. काचेची सिरिंज आणि उकळलेल्या सुया यांच्या काळातील दात काढण्याच्या कथा आजोबांनी नातवंडांसमोर रंगवून सांगू नयेत. त्यांना त्यात गंमत वाटते, पाच वर्षांच्या श्रोत्याला वाटत नाही. ‘अजिबात दुखणार नाही हं’ हे आश्वासनही टाळावे. मुलाने तोपर्यंत दुखण्याचा विचारच केलेला नसतो. त्या वाक्यातील ‘दुखणार’ हा एकच शब्द त्याला ऐकू येतो. शिवाय थोडे जरी दुखले तरी आई खोटे बोलली असे ठरते, आणि पुढच्या वेळी तिचा शब्द चालत नाही. ‘डॉक्टर तुझे दात मोजतील, आरशाने बघतील’ एवढेच आणि खरे सांगावे. भेटीचे बक्षीस म्हणून चॉकलेट देण्याचा विनोदी प्रकार तर कटाक्षाने टाळावा.

दंतवैद्यांकडेही यासाठी जुनी व साधी रीत आहे. अमेरिकेतील हॅरोल्ड अ‍ॅडलस्टन यांनी 1959 मध्ये ती मांडली : आधी मुलाच्या भाषेत सांगावे, मग ते साधन त्याच्या बोटावर वा नखावर चालवून दाखवावे, आणि नंतरच तोंडात करावे. त्याला जोड म्हणून डावा हात वर केला की डॉक्टर थांबतील, असा करार मुलाशी केला जातो. हा करार डॉक्टरांनी एकदा जरी पाळला, तरी मुलाचा अर्धा ताण उतरतो. खोलीत एका वेळी एकाच मोठ्या माणसाने बोलावे आणि ते डॉक्टरांनी. आई, मावशी, आजी या तिघींच्या एकाच वेळी सुरू झालेल्या समजुतीने मूल अधिकच बावरते. वेळ सकाळची, पोट भरलेले असताना घ्यावी. झोपेच्या वेळेस नेलेले मूल कोणाचेच ऐकत नाही.

प्रत्येक किडीला यंत्राने कोरावेच लागते असेही आता राहिलेले नाही. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे औषध किडलेल्या जागी थेंबभर लावून कीड रोखता येते. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश केला. त्याने तो भाग काळा पडतो, ही त्याची उणीव. परंतु दुधाच्या मागच्या दाढेसाठी आणि खुर्चीवर स्थिर न बसणाऱ्या तीन वर्षांच्या मुलासाठी काळा डाग पत्करणे शहाणपणाचे ठरू शकते. काही दाढांवर न कोरता पोलादी टोपी बसवण्याची पद्धतही आहे. कोणता उपाय कोणत्या दाताला चालेल हे अर्थातच तपासूनच ठरते, आणि कीड जितकी उथळ तितके पर्याय अधिक. गालावर सूज आणि ताप असेल तर मात्र वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. गाल वरून शेकत बसू नये आणि मुलाला अ‍ॅस्पिरिनची गोळी देऊ नये.

खर्चाचा विषयही मोकळेपणाने बोलावा असा आहे. बहुतेक मेडिक्लेम पॉलिसींत अपघात वगळता बाह्यरुग्ण दंतोपचारांचा समावेश नसतो, हे पॉलिसी घेताना फार थोडे लोक वाचतात. दुधाच्या दाढेचे रूट कॅनाल आणि वरची टोपी यांचा खर्च घरातूनच करावा लागतो. ज्यांना तो झेपत नाही त्यांच्यासाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये आहेत, मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालयही आहे. 2013 च्या फेब्रुवारीत पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा मुलांची तपासणी होते व तीत दातांचाही समावेश असतो. तपासणीनंतर मिळालेली चिठ्ठी दप्तरातच राहून जाणार नाही, एवढे पालकांनी पाहावे.

सहाव्या वर्षाकडे विशेष लक्ष द्यावे. पुढचा पहिला दात हलू लागतो, पडतो. तो कौलावर टाकण्याची किंवा उंदराच्या बिळात ठेवण्याची हौस घरोघरी पुरवली जाते आणि सर्वांचे लक्ष त्या गोड फटीकडे लागते. त्याच सुमारास अगदी मागे, शेवटच्या दुधाच्या दाढेच्या पलीकडे, कोणताही दात न पडता एक नवी दाढ गुपचूप वर येते. दात पडलेला नसल्याने ती दुधाचीच समजली जाते. ती कायमची असते. किडली तर तिच्या जागी दुसरी येत नाही. तिच्या पृष्ठभागावरील खाचा खोल असतात आणि ब्रशचे केस तेथवर पोहोचत नाहीत. ती पूर्ण वर आली की त्या खाचांवर दंतवैद्याकडून पातळ संरक्षक लेप लावून घेता येतो. त्याला सुई लागत नाही, कोरावे लागत नाही, आणि एका दाढेला काही मिनिटेच पुरतात.